पोहायला शिकवणारा कसा निवडावा: मोठेपणी पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

मी पोहायला शिकले ती वयाच्या ४१व्या वर्षी, आणि तेही तीन शिक्षक करून. पहिल्या दोघांकडे मिळून चार महिने गेले. त्यातून हाती काय लागलं? फळी धरून पाय आपटता येणं, आणि ठाव लागत नाही अशा पाण्याची आधीपेक्षा दुप्पट भीती. तिसऱ्या मॅडमकडे गेले आणि पाचव्या दिवशी हात सोडून तरंगले. माझ्यात मधल्या काळात काही फरक पडला नव्हता. वजनसुद्धा तेवढंच होतं.

तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. मुख्यतः मोठेपणी शिकणाऱ्यांसाठी आहे. मुलांना क्लासला घालणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

सुरुवातीलाच एक सांगते. शिक्षक शोधताना लोक आधी पदकं विचारतात. मीही विचारली होती. पण ज्याला लहानपणापासून पाणी अंगवळणी पडलंय, त्याला नाकात पाणी गेल्यावर जीव कसा घाबरा होतो हे आठवतच नाही. सायकलचा तोल कसा सांभाळता हे शब्दांत सांगा म्हटलं तर आपली जशी पंचाईत होईल, तशी त्याची होते. स्पर्धेची तयारी करायची असेल तेव्हा पदकवाला शोधा. अजून तोंड पाण्यात घालता येत नसेल तर वेगळा माणूस लागतो.

१. आधी आपली भीती नेमकी कशाची ते लिहून काढा

“पाण्याची भीती वाटते” हे फार मोघम झालं. तोंडावर पाणी आलेलं सहन होत नाही? पाय टेकेनासे झाले की पोटात गोळा येतो? लहानपणी खाल्लेली गटांगळी डोक्यातून जात नाही? की भीती पाण्याची नाहीच, पोहण्याच्या कपड्यांत चारचौघांसमोर यायची लाज वाटते? प्रत्येकाला उपाय वेगळा आहे. कागदावर दोन ओळी लिहा आणि भेटाल त्या शिक्षकाला त्या वाचून दाखवा. “सगळ्यांनाच वाटते, जाईल हळूहळू” एवढंच उत्तर आलं तर ते लक्षात ठेवा. उलट त्याने दोन प्रश्न विचारले, तर तो माणूस ऐकणारा आहे.

तब्येतीचंही याच वेळी. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला छिद्र, मान-खांदा-गुडघ्याचं जुनं दुखणं, गरोदरपण: यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग शिक्षकाला सांगा. फिट येणाऱ्याने तर मुळीच लपवू नये, कारण पाण्यात फिट आली तर काठावरच्या माणसाला ते पटकन कळत नाही.

२. पैसे भरण्याआधी काठावर बसून एक अख्खा तास बघा

मी पहिल्या दोन्ही वेळा हे केलं नाही. खरं तर ह्या लेखातलं एवढं एकच केलंत तरी बरंच साधेल. अगदी नवशिक्यांचा तास कधी असतो ते विचारा आणि त्याच वेळी जा. “बघायला परवानगी नाही” असं सांगितलं तर कारण विचारा. महिलांच्या किंवा मुलांच्या बॅचसाठी असा नियम रास्त असू शकतो, पण मग ते एखादा चाचणी-तास देतात का ते बघा.

बसलात की पहिल्यांदा शिक्षक कुठे उभा आहे ते बघा. ज्यांना काहीच येत नाही त्यांच्या तासाला शिक्षक पाण्यात हवा, हात लांबवला तर पोचेल इतका जवळ. ज्यांना पोहता येतं त्यांना काठावरून शिकवणं ठीक, उलट वरून हातापायांची चूक जास्त चांगली दिसते. पण माझे पहिले सर नवशिक्यांनाही काठावरच्या खुर्चीतून शिकवायचे. शिट्टी, बोट, “अहो, पाय मारा, पाय!” एवढंच. महिनाभरात त्यांचे केस ओले झालेले मी पाहिले नाहीत.

मग त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा. बुडणारा माणूस हात हलवून “वाचवा” ओरडेल अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. तोंड जेमतेम पाण्याबाहेर येतं, तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचं? हातही आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात, वर उचलून हलवता येत नाहीत. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं प्रत्यक्ष चित्रण करून हे दाखवलं. त्याच्या निरीक्षणाप्रमाणे पृष्ठभागावरची ही गुपचूप धडपड २० ते ६० सेकंद चालते. म्हणजे शिक्षक एक मेसेज वाचून उत्तर देईपर्यंत सगळं आटोपलेलं असू शकतं. तासात फोन हातात घेणारा शिक्षक दिसला की मी पुढचं काही बघत नाही.

फोन नसला तरी पाठ कुणाकडे असते ते बघण्यासारखं असतं. तिसऱ्या मॅडमची एक सवय माझ्या उशिरा लक्षात आली. त्या कायम भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. मला तरंगवताना माझं डोकं स्वतःच्या खांद्याशी आणि पाय मोकळ्या पाण्याकडे अशा बेताने वळवून घ्यायच्या, म्हणजे माझ्यावरून बाकीचे तिघं समोर दिसत राहतील. एकदा माझ्याशी बोलता बोलता मध्येच “ताई, कठडा धरा” म्हणाल्या. माझ्यामागे दोन हातांवर एकीचा पाय घसरत होता. मला पत्ताच नव्हता.

आता डोकी मोजा. यात माझा ठोकताळा असा: ज्यांना पाण्यात आडवं झाल्यावर आपलं आपण उभं राहता येत नाही असे एका शिक्षकामागे चार ठीक, सहाच्या वर असतील तर मी जाणार नाही. मदतनीस मोजायचा तर तोही पाण्यात असला पाहिजे आणि त्याला शिकवता आलं पाहिजे.

मग एक विद्यार्थी निवडून घड्याळ लावा. तासाभरात तो खरोखर किती वेळ काही करतोय? माझ्या दुसऱ्या बॅचमध्ये आम्ही चौदा जण कठडा धरून रांगेत उभे असायचो. पाळी येणार, अर्धा मिनिट पाय मारणार, परत रांगेत. एका तासात पाच पाळ्या म्हणजे अडीच मिनिटं. बाकीचा वेळ कुडकुडण्यात. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे पाण्यात नुसतं उभं राहणारा लवकर गारठतो, आणि गारठलेलं अंग आखडतं. आखडलेल्या अंगाने तरंगायला शिकणं फार कठीण. चांगला शिक्षक पाळी नसलेल्यांनाही काहीतरी उद्योग लावून ठेवतो: फुगे सोडा, चाला, भिंतीला धरून पाय मारा.

सगळ्यात जास्त कळतं ते एखादा घाबरला की. शेवटी तुम्ही त्याच जागी असणार आहात. कठड्यावरची बोटं शिक्षक सोडवून काढतो का? हसतो का? “एवढी लहान मुलं करतात आणि तुम्ही…” असं सुरू होतं का? की पायरी लहान करून देतो: तोंड नको, फक्त हनुवटी; हनुवटी जमली, आता ओठ.

जाता जाता पाण्याकडेही नजर टाका. सगळ्यात खोल भागाचा तळ स्वच्छ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तिथे शिक्षक कितीही चांगला असो, उतरू नका. तळाशी गेलेला माणूसही दिसणार नाही. आणि डोळे चुरचुरणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, भरपूर स्वच्छता, असं समजू नका. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, तो वास बहुतेक वेळा त्यांचा असतो.

३. हे प्रश्न विचारा, आणि उत्तरापेक्षा चेहरा बघा

संकोच करू नका. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

- सीपीआरचं (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण कधी घेतलं, नूतनीकरण कधी केलं? ही कला वापरली नाही तर विसरते, म्हणून “दहा वर्षांपूर्वी” हे उत्तर पुरेसं नाही.
- बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आधी काय करता? “पोट दाबून पाणी काढतो” असं उत्तर आलं तर सावध व्हा. ती जुनी समजूत आहे. त्यात वेळ जातो आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बुडण्यात मुळात प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब, तेही ताबडतोब, हे अपेक्षित उत्तर.
- तुम्ही शिकवत असताना राखणीला वेगळा जीवरक्षक असतो का? शिकवणं आणि सगळ्या तलावावर नजर ठेवणं ही एका माणसाची कामं नव्हेत.
- पहिल्या तासाला काय शिकवता? याचं उत्तर पुढच्या चौथ्या मुद्द्याशी ताडून बघा.
- तुम्ही नसाल त्या दिवशी कोण शिकवतं?
- मला किती दिवसांत येईल? हा खरं तर सापळा आहे, आपणच लावायचा. “अमुक दिवसांत हमखास” म्हणणाऱ्याने तुम्हाला पाण्यात बघितलेलंसुद्धा नाही. “दोन-तीन तास बघू आणि मग सांगतो” म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

कागद बघायचे ते असे: शिक्षकाचं पोहणं शिकवण्याचं प्रमाणपत्र (स्वतः पोहण्याचं वेगळं, शिकवण्याचं वेगळं, नाव नीट वाचा), जीवरक्षक आणि सीपीआर प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख, आणि क्लासची बॅच बदलण्याची व रजेची अट लेखी. तुमच्याकडून ओळखपत्र, फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र आणि आणीबाणीत कळवायच्या माणसाचा नंबर मागितला जाईल. हा शेवटचा नंबर कुणीच मागितला नाही तर तुम्हीच द्या.

पिशवीत काय हवं: अंगाला बसणारा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, टॉवेल, न घसरणाऱ्या चपला, पाण्याची बाटली. गॉगल घेताना पट्टा डोक्यामागे न घालता नुसता डोळ्यांवर दाबून हात सोडा. क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात जाऊ नका. पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. चष्म्याच्या नंबरचे गॉगल मिळतात.

४. पहिला तास: थांबायला शिकवलं का?

तिसऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आधी कुठे शिकलात? काय काय झालं?” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग आज पोहायचं नाही. आज फक्त उभं राहायचं.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच तासभर तेच केलं. आणि तेव्हा मला कळलं की चार महिने मी कशाला घाबरत होते. मला आडवं व्हायची भीती नव्हती. आडवी झाल्यावर परत पाय जमिनीला कसे लावायचे ते मला ठाऊक नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा आडवा झालेला नवशिका उभं राहायच्या नादात डोकं वर काढतो, पाय मागे तरंगतच असतात, आणि तो तोंडावर आपटतो. उंच माणसंही चार फूट पाण्यात अशी गटांगळ्या खातात.

कृती सोपी आहे. पालथे असाल तर गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही हात समोरून खाली दाबत मांड्यांकडे आणा, पाय खाली गेलेले जाणवले की डोकं वर उचला आणि पावलं टेकवा. उताणे असाल तर हनुवटी छातीकडे, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे जवळ, आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढा. क्रम महत्त्वाचा. पालथे असताना डोकं आधी उचललंत की सगळं बिघडलं.

मॅडमनी आधी दोन्ही हात धरून, मग एक हात, मग नुसती बोटं, मग काहीच नाही, असं करवून घेतलं. पंधरा-वीस वेळा. शेवटी मी आपणहून आडवी होऊन आपणहून उभी राहिले, आणि पाण्यात पहिल्यांदाच हसू आलं.

म्हणून माझ्या लेखी नवशिक्यांच्या शिक्षकाची खरी कसोटी ही आहे: चालू करायच्या आधी थांबवायला शिकवतो का? पहिल्या दोन तासांत उभं राहण्याची ही कृती आली नाही तर मागून घ्या. तरीही टाळाटाळ झाली तर अकरावा मुद्दा वाचा.

पहिल्या काही तासांतल्या आणखी एका गोष्टीवर माझं मत जरा कडक आहे. “धरलंय हां, धरलंय” म्हणत गुपचूप हात काढून घ्यायचा, आणि मग “बघा, आलं की तुम्हाला!” म्हणायचं. पुष्कळांना ही युक्ती आवडते. माझ्यावर ती झाली, आणि पुढे महिनाभर त्या सरांच्या कुठल्याच “धरलंय”वर माझा विश्वास बसला नाही. मॅडम मोठ्याने मोजायच्या: “पूर्ण हात… आता दोन बोटं… आता एक… आता काढला.” काढला म्हटल्यावरही मी तरंगतच होते, आणि मला ते माहीत होतं. हात लावण्याआधी विचारणं, कुठे आणि कशासाठी लावणार ते सांगणं, हेही त्यातच आलं.

५. श्वास: “रोखा” म्हणतो की “सोडा” म्हणतो?

नवशिक्याला धाप लागते ती बहुधा ताकद कमी म्हणून नव्हे. पाण्यात तोंड घातलं की तो श्वास कोंडून धरतो. छाती भरलेलीच राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि गुदमरल्याची जी भावना होते ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. मग तोंड वर आलं की आधी साठलेली हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, दोन्ही त्या एका क्षणात कोंबायचं. जमणार कसं?

म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने संथपणे हवा सोडत राहायची आणि बाहेर आल्यावर फक्त घ्यायची. “फुगे सोडा” हा लहान मुलांचा खेळ वाटतो, पण मी तो आठवडाभर केला. मॅडम गुणगुणायला लावायच्या, कारण गुणगुणताना हवा आपोआप बाहेर जाते. माझी मान पाण्यात जात नव्हती ती या गुणगुणण्याने जायला लागली.

इथे एक धोक्याची खूण. “कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो” अशी शर्यत लावणारा, आणि त्याआधी भराभर खोल श्वास घ्यायला सांगणारा शिक्षक टाळा. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. त्यामुळे श्वास घ्यावासा वाटण्याचा इशाराच उशिरा येतो, आणि त्याआधी शुद्ध हरपू शकते. चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव यात गेले आहेत.

६. तरंगणं: कारण समजावून देतो का?

“अंग सैल सोडा” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! घाबरलेल्या माणसाला सैल सोडा म्हणणं म्हणजे झोप न येणाऱ्याला झोप म्हणणं. मोठ्या माणसाला कारण हवं असतं, आणि कारण हाताने अनुभवायला मिळालं तर उत्तमच.

मॅडमनी मला एक काम दिलं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून छातीभर श्वास घ्या आणि तळाशी मांडी घालून बसा. बसता येईना! मी खाली जाते आणि पाणी मला परत वर ढकलतं. मग म्हणाल्या, आता सगळा श्वास सोडून बसा. गेले सावकाश खाली. त्या दोन मिनिटांत जे पटलं ते चार महिन्यांच्या “घाबरू नका”ने पटलं नव्हतं.

ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञाने एका पत्रात पोहायला शिकू पाहणाऱ्या मित्राला असाच सल्ला दिला होता. हळूहळू खोल होत जाणारी जागा निवड, छातीएवढ्या पाण्यात जाऊन काठाकडे तोंड करून उभा राहा, आणि तू व काठ यांच्यामध्ये एक अंडं पाण्यात टाक. पाणी स्वच्छ असल्याने ते तळाशी दिसेल. मग ते उचलायला डोळे उघडे ठेवून बुडी मार. पाणी तुला तुझ्या इच्छेविरुद्ध वर उचलतंय हे तुझं तुलाच कळेल. काठाकडे तोंड का? कारण धडपडलं तरी आपण उथळ पाण्याकडेच जातो. किती विचार केलेला शिक्षक! हल्ली अंड्याऐवजी रंगीत कड्या टाकतात.

तरंगण्याबाबत दुसरं कारण पायांचं. बहुतेकांचे पाय खाली जातात. छातीत हवा असते म्हणून पाण्याचा उचल-जोर छातीपाशी जास्त, आणि शरीराचा भार मात्र बेंबीच्या खाली, ओटीपोटाजवळ एकवटलेला. त्यामुळे शरीर तराजूसारखं कलतं. सडपातळ, पिळदार माणसांचे पाय जास्तच बुडतात. त्यांना “तुम्ही नीट करत नाही” असं म्हणणं अन्याय आहे. चांगला शिक्षक त्यांना हात डोक्यावर ताणायला किंवा हलके पाय मारायला सांगून तराजू सारखा करून देतो.

७. चूक दाखवण्याची पद्धत

माझे पाय बुडायचे. पहिले सर काठावरून ओरडायचे, “पाय वर!” मी जिवाच्या आकांताने पाय मारायचे, आणि ते बुडायचेच. मॅडमनी पायांचं नावच काढलं नाही. “समोर भिंतीकडे बघताय, तसं नको. तळाची फरशी बघा,” एवढंच म्हणाल्या. मी मान खाली केली आणि पाय वर आले. डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर काढलं की पाणी त्याला उचलत नाही, आपल्याला उचलावं लागतं, आणि त्याची किंमत पाय चुकवतात.

हा फरक ओळखायला शिका. दिसतं ते ओरडून सांगणारा एक, आणि दिसतं ते कशामुळे होतंय हे शोधणारा दुसरा. शिवाय चांगला शिक्षक एका वेळी एकच गोष्ट सांगतो. हात असे, पाय तसे, मान अशी, श्वास आत्ता, असं सगळं एका दमात सांगितलं की पाण्यातल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. (खरंच येत नाही, कान पाण्यात असतात. म्हणून खुणा आधी ठरवून घेणारा शिक्षक भेटला तर नशीब समजा.)

पायांचीच आणखी एक गंमत. मी फळी धरून जोरजोरात पाय मारायचे आणि जागच्या जागी राहायचे, एकदा तर मागे गेले. गुडघे सायकल मारल्यासारखे वाकत होते आणि पावलं उभी, जमिनीवर चालल्यासारखी. मॅडमनी मला काठावर बसवून पाय पाण्यात सोडायला लावले आणि सपाता पायातून झटकून टाकतो तसं करा म्हणाल्या. घोटा सैल झाला, हालचाल कमरेच्या सांध्यातून सुरू झाली. एका उपमेत काम झालं.

८. साधनं किती लवकर काढून घेतो

फळी, फोमची लांब नळी, पायांत धरायचा फ्लोट, फिन्स (पायांत घालायचे रबरी पंख), सगळं उपयोगी आहे. प्रत्येक साधनाला ते कधी सुटणार याची तारीख हवी, इतकंच. दंडाला बांधायचे फुगे मला आवडत नाहीत. ते शरीर उभं ठेवतात, आणि पोहायला आडवं व्हावं लागतं; वर ते घातले की येतंय असं वाटतं आणि काढले की काहीच येत नाही. एका तासात थोडा वेळ साधनासह आणि थोडा वेळ साधनाशिवाय असं चालू असेल तर गाडी रुळावर आहे.

९. खोल पाण्याकडे कधी?

“पाण्यात पडलं की पोहता येतं” ही म्हण म्हणून छान आहे, शिकवण्याची पद्धत म्हणून नाही. न सांगता खोल पाण्यात ढकलणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच दिवशी सोडा.

माझ्या मते खोलात जाण्याआधी हे यायला हवं: आपणहून उताणं वळून तरंगत राहणं, उभ्याने पाणी तुडवणं (म्हणजे तळाला पाय न टेकता हातपाय हलवत डोकं वर ठेवून एका जागी राहणं), दिशा बदलून काठाला येणं, आणि शिडी नसताना काठावरून वर चढणं. हे शेवटचं बहुतेक क्लासमध्ये शिकवतच नाहीत. पहिल्यांदा खोलात नेताना शिक्षक सोबत पाण्यात हवा आणि काठ हाताशी. आणि पंचवीस मीटर फ्रीस्टाइल आली म्हणजे झालं, असं म्हणून पाणी तुडवणं वगळलं असेल तर मागून घ्या. दम लागल्यावर उपयोगाला येतं ते हेच. सूर मारणं सगळ्यात शेवटी, आणि उथळ बाजूला कधीच नाही, मानेचा मणका मोडतो.

१०. मुलांना घालताना

वरचं सगळं लागू आहेच. शिवाय पालकांना दिसेल अशा जागी तास होतो का, कपडे बदलण्याच्या खोलीत मुलांबरोबर कोण जातं, हे विचारा. मूल रडतंय म्हणून तास थांबवायलाच हवा असं नाही. रडणाऱ्या मुलाशी शिक्षक कसा वागतो ते बघा. ओठ निळे पडले की बाहेर काढतो का तेही बघा. आणि क्लास लावला म्हणून तुमची नजर सुटत नाही. थोडंसं पोहायला आलेलं मूल पाण्याजवळ जास्त धीट होतं, त्यामुळे त्या काळात लक्ष उलट वाढवावं लागतं.

११. शिक्षक बदलायचा कधी आणि कसा

सहा-आठ तास झाले आणि पाण्यात उतरताना भीती पहिल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल, तर बदला. प्रगती हळू असणं हे कारण नाही. मीही हळूच होते. अपमान, न विचारता स्पर्श, फसवून सोडणं, फोन, यातलं काही झालं तर आठ तासही थांबू नका.

दुसऱ्या क्लासमध्ये मी “तुमचीच पद्धत चुकीची” असं सांगत बसले, त्यात नुसता वाद झाला. त्यापेक्षा कार्यालयात जाऊन “मला लहान बॅच हवी आहे, किंवा शिक्षक पाण्यात उतरतात ती बॅच हवी आहे” असं नेमकं मागा. राहिलेले तास तिकडे वळवून मिळतात का ते त्या लेखी अटीत बघा. म्हणून ती आधीच घेऊन ठेवायची.

नव्या शिक्षकाकडे जाण्याआधी पहिल्या मुद्द्यातला कागद पुन्हा लिहा. तो बदललेला असतो. माझ्या पहिल्या कागदावर “तोंड पाण्यात जात नाही” असं होतं. मॅडमना दिला त्यावर लिहिलं होतं: “आडवी झाल्यावर उठता येत नाही. आणि कुणी धरलंय म्हटलं तर खरं वाटत नाही.”